काकांच्या पोटाची साक्ष

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काका परसदारच्या संडासातून बाहेर आले, त्यांनी अर्ध्या तांब्यात हात धुतले आणि वाळवणघराच्या पायरीवर पाटी घेऊन बसलेल्या आत्याबाईंना एक बोट दाखवलं.

"एक?" आत्याबाईंनी विचारलं.

"एकच," काका म्हणाले. "तेही ओढूनताणून."

आत्याबाईंनी पाटीवर 'वरची पट्टी' या शब्दांपुढे एक रेघ ओढली. वरच्या ओळीत 'खालची पट्टी'पुढे सोमवारच्या चार रेघा आधीच उभ्या होत्या. चारास एक. धाकटीनं दारातूनच ती पाटी पाहिली आणि तिच्या पोटात गोळा आला. सुनांच्या पोटात काय येतं आणि काय जातं याची या घरात कोणी नोंद ठेवत नसे. पोट म्हणजे काकांचं. बाकीच्यांना नुसती जेवण जिरवायची सोय दिलेली होती.

बाकीच्या जगात औषधी पाल्याचा कस यंत्रावर काढतात. या घरात तो काकांवर काढत. घरचं पीक सोनामुखी, खालच्या पट्टीत थोरल्या मुलाचं आणि चढावरच्या वरच्या पट्टीत धाकट्याचं. सोनामुखीचं काम काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते ती करते की नाही हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे ती पिणं. धाकटीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, वडिलांनी हा दंडक घालून दिला होता: एक मापटं वाळला पाला, तीन भांडी पाणी, निम्मं होईपर्यंत उकळायचं, पहाटे पाचला प्यायचं आणि दुपारपासून सूर्य मावळेपर्यंतच्या फेऱ्या मोजायच्या. 'ज्याच्या पाल्यानं पोट हलत नाही, त्यानं तो सरपण म्हणून विकावा,' असं म्हातारा म्हणत असे. तो गेल्यावर परीक्षेचं काम अण्णांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे काकांकडे, आलं. लग्न झालेलं नाही, धंदा नाही, जबाबदारी नाही. इतकं मोकळं पोट घरात दुसरं नव्हतं.

यंदा त्या पोटावर फारच काही टांगलेलं होतं. गोळीवाले, म्हणजे पोट साफ करणाऱ्या गोळ्यांच्या कारखान्याचे खरेदी साहेब, येत्या सोमवारी नमुना न्यायला येणार होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, की दोन पट्ट्यांचे दोन तऱ्हेचे पाले चालणार नाहीत. एकच पिशवी द्या, तिच्यातला पाला आमच्या तपासणीत उतरला तर पुढची तीन वर्षं सगळा माल आमचा, नाही उतरला तर राम राम. त्यावर अण्णांनी निवाडा दिला होता, की ज्याचा पाला पिशवीत जाईल, दोन्ही पट्ट्या त्याच्या हुकमाखाली. याचा अर्थ धाकटीला नीट कळला होता. पिशवीत थोरल्या दिरांचा पाला गेला, की मंगळवारी वरच्या पट्टीवर नांगर फिरणार, आणि बुधवारपासून ती आणि तिचा नवरा खालच्या पट्टीवर थोरल्यांच्या हाताखाली पोती उचलणार. तेही ते म्हणतील तितके दिवस.

थोरल्यांना घरात सगळे पाठीमागे डोसभाऊ म्हणत. कोणताही प्रश्न पुढे ठेवा, त्यांचं उत्तर ठरलेलं. झुडपं पिवळी पडली, डोस वाढवा. मुलीला गणितात कमी मार्क पडले, शिकवणीचा डोस वाढवा. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष होतं. विहिरीचा तळ दिसून, तळातला गाळ दिसून, त्या गाळात कधीकाळी पडलेली बादलीसुद्धा सापडून झाली होती. टँकर आठवड्यातून दोनदा येऊन माणशी दोन बादल्या टाकून जाई. अशा दिवसांत डोसभाऊंनी शेतासाठी वेगळा टँकर लावला, पांढऱ्या खताची पोतीच्या पोती ओतली, आणि खालची पट्टी अशी हिरवीगार फुगवली, की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरून बघत उभा राहायचा. पानं बोटाएवढी, मऊ, टरटरीत. वाळवणघरात जाळीवर टाकली की आठ आठ दिवस नुसती लोळत पडत, वाळायचं नाव घेत नसत. ओलं पोतं दोघांना उचलत नसे, आणि वाळलं की तेच आत्याबाई काखेत मारून नेत. पण तिकडे कोण बघतो? शेजारच्या शेळ्या एकदा कुंपण फोडून आत आल्या, त्यांनी खालची पट्टी चाटूनपुसून साफ केली, वरच्या पट्टीत मात्र एकेक पान हुंगून तोंड फिरवलं. "बघा," डोसभाऊ म्हणाले होते, "शेळीलासुद्धा चांगलं-वाईट कळतं!"

वरच्या पट्टीचे असले लाड झाले नव्हते. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी धाकटीनंही ईर्ष्येनं दोन पोती खत आणून टाकलं होतं. टँकरचं पाणी मात्र चढावर चढलं नाही. कोरड्या मातीत खत पडलं, आणि पंधरा दिवसांत निम्मी पट्टी कडांकडून करपत करपत उभी जळाली. उरलेल्या निम्म्या पट्टीला तिनं त्यानंतर कसलाच हात लावला नाही. यात शहाणपण कमी आणि धसका जास्त होता, हे तीही कबूल करे. झुडपं गुडघ्याच्या वर गेली नाहीत. पानं नखाएवढी, जाड, फिकट, एखाद्या चिडलेल्या म्हातारीसारखी अंग आखडून बसलेली. पण तीन वर्षं जगली.

आणि त्या पानांत काय आहे हे धाकटीला पक्कं माहीत होतं. गेल्या आठवड्यात तिनं गुपचूप अर्धं मापटं उकळून स्वतःच घेतलं होतं. साडेअकरापासून पुढचे चार तास तिची पळता भुई थोडी झाली. घरात तिनं सांगितलं, डोकं दुखतंय. डोक्यासाठी कोणी सात वेळा परसदारी जात नाही, पण तिच्या नवऱ्यानं विश्वास ठेवला. त्याला सगळे होयबा म्हणत, आणि ते उगाच नव्हे.

मग आपल्याला अर्ध्या मापट्यात सात आणि काकांना पूर्ण मापट्यात एक, हे गणित काही तिला सुटेना. संध्याकाळी जाळ्या झटकून झाल्या तशी ती सरळ वाळवणघरामागच्या काकांच्या खोलीकडे गेली. दार लोटलेलं होतं. आत काका स्टोव्हवर पातेलं ठेवून ढवळत होते.

"काय करताय काका?"

काका दचकले. "चहा."

"चहाला हा वास?"

"माझ्या चहाला येतो."

धाकटीनं पुढे होऊन झाकण उचललं. या घरात येऊन तिला सात वर्षं झाली होती. उकळत्या सोनामुखीचा वास ती झोपेतही ओळखली असती.

"किती मापटी टाकलीत?"

काका ढवळत राहिले.

"काका."

"तीन."

"तीन! अहो, अर्ध्या मापट्यानं माझं..." ती थांबली. चुलतसासऱ्यांसमोर किती बोलायचं यालाही मर्यादा असते. "माझं डोकं दुखलं होतं."

"ते तुझं डोकं होतं होय!" काका म्हणाले. "मी म्हटलं, इतक्या वेळा डोकं घेऊन ही जाते कुठं?"

"विषय बदलू नका. किती वर्षं चाललंय हे?"

काकांनी स्टोव्ह बंद केला आणि खाटेवर बसले. "अकरा. पहिल्या परीक्षेनंतर फार हलकं वाटलं गं. मग म्हटलं, उद्याही घेऊ. मग परवा. पोट म्हणजे बैल असतो. रोज टोचलं की टोचणीला दाद देत नाही. आता तीन मापटी रोज घेतो तेव्हा कुठं आठवड्यातून एकदा तो उठतो."

"आणि सोमवारचे चार?"

"चारदा गेलो होतो. खोटं नाही बोलणार. आत गेलो, बसलो, पेपर वाचला, बाहेर आलो."

"मग आकडा कसा ठरवता?"

"पाल्याकडे बघून," काका साधेपणानं म्हणाले. "हिरवागार असला की चार. मध्यम असला की तीन. आणि तुझ्यासारखा मेल्या चेहऱ्याचा असला की..."

"एक."

"एक दया म्हणून दिला. शून्यच देणार होतो."

धाकटी मटकन खुर्चीवर बसली. अकरा वर्षं हे घर पाल्याचा कस म्हणून त्याचा रंग मोजत आलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे. आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, तशी ती ताडकन उठली.

"सात वर्षांपूर्वी, आमचं लग्न झालं त्या साली, दोन्ही भावांच्या पाल्याची परीक्षा झाली. जिंकेल तो आधी पट्टी निवडणार. तुम्ही ह्यांना दोन दिलेत. भाऊजींनी खालची काळी जमीन घेतली आणि ती चढावरची दगडी पट्टी आमच्या गळ्यात आली. ते दोन कुठून आणलेत काका? पेपरातून?"

"तेव्हा पेपर येत नव्हता," काका पुटपुटले. "तेव्हा नुसताच बसायचो."

धाकटीला इतका राग आला, की ते पातेलं उचलून त्यांच्या टकलावर ओतावं असं वाटलं. सात वर्षांचे दगड तिनं त्या पट्टीतून स्वतःच्या हातांनी वेचले होते.

"मी आत्ता जाऊन अण्णांना सांगते."

"सांग," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "सांगायलाच हवं. फक्त एवढं लक्षात घे. माझ्या नावावर जमीन नाही, बायको नाही, मूल नाही. अण्णा मला दोन वेळा पानावर बसवतो ते भाऊ म्हणून नाही. भावांना तो कसं वागवतो ते आमच्या मधल्याला विचार, तो अजून पत्र पाठवतो. मला बसवतो ते परीक्षेसाठी. ती गेली की मी कोण? परसदारी फेऱ्या मारणारा एक म्हातारा."

धाकटी उंबऱ्यातच अडकली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. तिची निम्मी पट्टी जळाली त्या वर्षी सगळं घर हसलं होतं. डोसभाऊंनी तर पाहुण्यांना नेऊन दाखवली होती. तेव्हा एकटे काका वर आले होते आणि एक शब्द न बोलता दोन दिवस तिच्याबरोबर करपलेली झुडपं उपटत राहिले होते. राग होताच, पण त्याच्याबरोबर दयाही आली, आणि ती आली याचा तिला आणखी राग आला.

"नाही सांगत," ती म्हणाली. "पण पट्टीही नाही सोडत."

शनिवारी सकाळी वाळवणघरात सगळे जमले. अण्णा जाळ्यांच्या मधल्या वाटेत खुर्ची टाकून बसले होते. समोर कापडी पिशवी, सुई, दोरा आणि लाखेची कांडी. डोसभाऊ आपल्या पाल्याचं पोतं आधीच सोडून उभे होते.

"अण्णा, माझं एक म्हणणं आहे," धाकटी म्हणाली. "परीक्षा पुन्हा घ्या."

"झालं!" डोसभाऊ म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं."

आत्याबाईंनी पाटी छातीशी धरली. "म्हणजे माझी पाटी खोटी?"

"पाटी खरी आहे आत्याबाई, रेघाही खऱ्या आहेत. पण काका सत्तरीचे झाले. माणसाचे डोळे म्हातारे होतात, कान म्हातारे होतात. पोट काय तेवढं तरुण राहतं?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका जाळीवरचं एक पान फार बारकाईनं तपासत होते.

"गोळीवाले उद्या पिशवी यंत्रावर लावणार," धाकटी पुढे म्हणाली. "तिथं चूक निघाली तर दोन्ही पट्ट्यांचा माल घरात पडेल. दुष्काळात तेरावा महिना. एकदा पडताळून घ्यायला काय जातं?"

"उद्या नाही, परवा," डोसभाऊंनी दुरुस्ती केली. "आणि पडताळायचं काय? पान बघा माझं! डोळे आहेत ना?"

"डोळ्यांनी कुणाचं पोट साफ होत नाही भाऊजी."

"मला वाटतं, पिऊन बघावं," मागून आवाज आला.

सगळे वळले. बोलली होती थोरली जाऊ, डोसभाऊंची बायको. या दोघी जावांचं सात वर्षांत चादरीच्या घडीवरही एकमत झालेलं नव्हतं. डोसभाऊंचं तोंड उघडंच राहिलं.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी माझ्या पोटाच्या बाजूनं आहे," थोरली म्हणाली आणि पुढे काही बोलायला तयार होईना.

"दादाचं बरोबर आहे," होयबा म्हणाला. मग बायकोकडे पाहून, "म्हणजे हिचंही बरोबर आहे." मग अण्णांकडे पाहून, "अण्णा म्हणतील ते."

अण्णांनी हनुवटी खाजवली. हा माणूस आयुष्यभर न्याय देत आला होता आणि त्यातले बरेचसे न्याय चुकले होते, पण द्यायची पद्धत मोठी रुबाबदार होती.

"ठीक," ते म्हणाले. "काकाला विश्रांती. उद्या दोघांनी एकमेकांचा पाला प्यायचा. थोरल्यानं वरचा, सूनबाईनं खालचा."

"बाईमाणसानं परीक्षा दिलेली नाही कधी," डोसभाऊ म्हणाले.

"कधी कुणी विचारलंच नाही," आत्याबाई म्हणाल्या. "आम्हाला काय पोटं नाहीत? पण मी म्हणते अण्णा, दोघांनी धरून ठेवलं तर?"

"धरतीलच," अण्णा शांतपणे म्हणाले. "दोघांचाही फायदा धरून ठेवण्यातच आहे. म्हणून जो उठेल तो खरोखरच उठेल. गुळगुळीत बोलून कुणालाही फसवता येतं, पण सोनामुखीला नाही."

अण्णांच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला बिनचूक निवाडा होता.

रविवारी पहाटे पाचला आत्याबाईंनी स्वतः दोन पातेली उकळली, स्वतः गाळली, आणि दोघांच्या हातात पेले देऊन ते रिकामे होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. डोसभाऊंनी वरच्या पट्टीचा काढा एका दमात घेतला आणि मिशा पुसल्या. "पाणी आहे नुसतं," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा आंबट झाला होता. धाकटी खालच्या पट्टीचा काढा प्यायली. खरोखरच पाणी होतं.

बारा वाजता दोघं वाळवणघरात समोरासमोर येऊन बसले, ते एका पोत्यावर, ती एका पोत्यावर. मध्ये अण्णांची खुर्ची, बाजूला आत्याबाईंची पाटी. दारात थोरली जाऊ उभी, तिच्यामागे होयबा. काका सकाळपासून कुणाला दिसले नव्हते. बहुधा शरमेनं तोंड लपवून बसले असावेत, असं धाकटीला वाटलं, आणि ते तिला बरंच वाटलं.

डोसभाऊ रंगात होते. "झाडाचं माणसासारखंच असतं," ते अण्णांना समजावत होते. "खायला घाला, वाढतं. उपाशी ठेवा, मरतं. ही वरची झुडपं तीन वर्षं उपाशी. त्यांच्यात कस येणार कुठून? हवेतून? पुढच्या साली मी दोन्ही पट्ट्यांना महिन्याला दोन डोस देणार, शिवाय पानांवर फवारणी, शिवाय..."

इथं ते जरा थांबले.

"शिवाय?" अण्णांनी विचारलं.

"शिवाय पाणी," डोसभाऊ म्हणाले आणि त्यांनी मांडी बदलली.

साडेबारा झाले. धाकटी आपल्या पोटाकडे लक्ष लावून बसली होती. तिथं शांतता होती. एक वाजता डोसभाऊंचा बोलण्याचा वेग कमी झाला. सव्वा वाजता ते फक्त हो-नाही म्हणू लागले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले आणि एकेक करून मिशीत उतरले.

"भाऊजी, घाम आलाय तुम्हाला," धाकटी म्हणाली.

"उकडतंय."

"सावलीत आहोत आपण."

"मला सावलीत उकडतं!"

आत्याबाईंनी पेन्सिल पाटीवर टेकवून ठेवली. डोसभाऊंनी डोळे मिटले, दात आवळले, दोन्ही हातांनी पोतं घट्ट धरलं. माणूस हट्टी होता, हे धाकटीलाही मान्य करावं लागलं. आपली पट्टी, आपली पोती, आपला तीन वर्षांचा रुबाब, सगळं त्यानं त्या एका जागी आवळून धरलं होतं. एक वाजून छत्तीस मिनिटांनी त्यांच्या पोटातून असा काही आवाज आला, की होयबा दोन पावलं मागे सरला. डोसभाऊ उठले. आधी चालले, मग झपझप चालले, आणि दाराबाहेर पडताच पळत सुटले.

आत्याबाईंनी रेघ ओढली.

पण लगेचच परसातून दार बडवल्याचा आवाज आला. सगळे धावले. दोनांतला एक संडास पाण्याअभावी दुष्काळाच्या सुरुवातीलाच बंद केला होता. उरलेल्या एकाच्या दाराशी डोसभाऊ दोन्ही पाय एकमेकांत अडकवून उभे होते, आणि दार आतून बंद होतं.

"कोण आहे आत? बाहेर या!"

"मी आहे," आतून काकांचा आवाज आला.

"काका! लवकर! लवकर बाहेर या!"

"येतो. आधी मला काहीतरी सांगायचंय."

"नंतर सांगा!"

"नंतर माझी छाती होणार नाही," काका आतून म्हणाले. "मघापासून इथंच बसून धीर गोळा करतोय. अण्णा आहे का बाहेर?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"मग ऐका सगळे. गेली अकरा वर्षं माझ्या पोटावर सोनामुखी चालत नाही. रोज तीन मापटी घेतो. सगळे आकडे खोटे. नुसता रंग बघून सांगत आलो."

डोसभाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते.

"थोरल्या," काका पुढे म्हणाले, "तुझे चार खोटे होते."

"असू देत! दार!"

"सात वर्षांपूर्वी तुझी पट्टी तुला मिळाली तेव्हाचेही खोटे होते. ती पट्टी धाकट्याची व्हायची होती कदाचित. कुणास ठाऊक. धाकटीला परवा हे सगळं कळलंय. तिनं एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही. मी तिची सात वर्षं खाल्ली, थोरल्या. तू मला माफ करशील?"

"केलं! काका, सगळं माफ! सात वर्षं माफ, सात पिढ्या माफ! पट्टी तिची, पिशवी तिची, दोन्ही पट्ट्या तिच्या! दार उघडा!"

"मनापासून म्हणतोस?"

"पोटापासून म्हणतोय!"

कडी निघाली. काका बाहेर आले, डोसभाऊ आत गेले, आणि दोघं दारात एकमेकांना कसे ओलांडून गेले ते कुणालाच नीट दिसलं नाही.

"मला माहीत होतं," थोरली जाऊ मोठा सुस्कारा टाकून म्हणाली. "दोन महिने मी रोज रात्री ह्यांचाच पाला घेतेय. पोट दगडासारखं. पण नवऱ्याच्या पाल्यात दम नाही, हे बायकोनं चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगायचं?"

अण्णा काकांकडे बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून अकरा वर्षांचे निवाडे एकामागून एक जाताना दिसत होते. "मधल्याला मी घराबाहेर काढला तो कशावरून?" ते हळूच म्हणाले. "तुझ्या दोनावरून."

"हो," काका म्हणाले. "मला हाकल. मी सामान बांधून ठेवलंय."

भावाला हाकलायचं तर स्वतःलाही कुठंतरी हाकलावं लागणार होतं, आणि या वयात दोघांनी जायचं कुठं? अण्णा वाळवणघराकडे चालू लागले. पाठ एकदम वाकल्यासारखी झाली होती.

"सामान सोडा काका," धाकटी म्हणाली. "उद्यापासून माझ्याकडे जेवा. तिथं कुणाला आकडा सांगावा लागणार नाही."

काकांनी धोतराच्या टोकानं नाक पुसलं, आणि आत्याबाईंनी पाटीवरच्या सगळ्या रेघा पदरानं पुसून टाकल्या.

सूर्य मावळेपर्यंत डोसभाऊंच्या नऊ फेऱ्या झाल्या आणि धाकटीची एकही नाही. नवव्या फेरीनंतर ते वाळवणघरात येऊन पोत्यावर टेकले, तेव्हा त्यांचा रंग त्यांनी आजवर हिणवलेल्या कोणत्याही पानापेक्षा फिकट झाला होता. धाकटी अण्णांसमोर बसून वरच्या पट्टीचा पाला पिशवीत भरत होती. होयबा तिला मूठमूठ काढून देत होता, आणि पहिल्यांदाच कुणाकडेही न पाहता देत होता.

"बोललो ते बोललो," डोसभाऊ म्हणाले. "दोन्ही पट्ट्या तू बघ. माझ्याकडे बारा पोती खत पडलंय, ते तरी वापर."

"नाही भाऊजी. खालच्या पट्टीला यंदा खत नाही, आणि टँकरही नाही."

"मरेल ते सगळं!"

"सगळं नाही मरणार. लाडावलंय, म्हणून थोडं मरेल. बाकीचं आधी रुसेल, मग आखडून बसेल, मग जे काही हाती आहे ते पानात दाबून धरेल. तेव्हा कुठं त्यात कस येईल."

"हे तुला कुणी सांगितलं? कोणत्या पुस्तकात आहे?"

धाकटीनं पिशवीचं तोंड शिवून घेतलं आणि दोरा दातानं तोडला.

"सात वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला वरच्या पट्टीवर ठेवलंत भाऊजी," ती म्हणाली. "मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"